जाळी शिवणाऱ्यांचा कायदा

११ जानेवारी

ही वही एवारिस्तोंनी दिली. म्हणाले, "दोरिंदाबाई, कायद्याच्या कामात तारखेला फार किंमत. जे घडेल ते तारीख घालून लिहीत चला."

प्रांताच्या कोर्टात छत्तीस वर्षं कारकुनी करून ते दोन वर्षांपूर्वी आईच्या रिकाम्या घरात राहायला कोर्मेलाला आले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. रोज सकाळी धक्क्यावर फेरी मारतात आणि आमच्या शेडपाशी थांबतात. आम्ही सहा जणी. बोटींची फाटकी जाळी शिवतो. मी सत्तावन्न वर्षांची, एर्मितास आमच्यात सगळ्यात मोठी, एकसष्ट.

आज एर्मितासच्या हातातली सुई तीनदा पडली. तिसऱ्यांदा तिने ती उचललीच नाही, नुसती बघत बसली. एवारिस्तोंनी विचारलं, "निवृत्त का होत नाही?"

"कारण मी बाई आहे आणि माझं काम जमिनीवर आहे," ती म्हणाली. "बोटीवरच्या पुरुषांना लवकर सुटका मिळते. समुद्र शरीर खातो म्हणे. धक्का काय पापे घेतो?"

सगळ्या हसल्या. एवारिस्तो हसले नाहीत. म्हणाले, "मग कायदा बदला."

"कोणी? आम्ही?"

"या देशात कायद्याचा प्रस्ताव सरकार आणू शकतं, दोन्ही सभागृहं आणू शकतात, प्रदेशांच्या विधानसभा आणू शकतात. आणि पाच लाख माणसं आणू शकतात."

एर्मितास म्हणाली, "कोर्मेलात कुत्री-मांजरं धरून बाराशे."

पण शेड बंद करताना तीच म्हणाली, "दोरिंदा, पाच लाख म्हणजे किती गं खरंच?"

२ फेब्रुवारी

तीन रविवार बसून आमचा कायदा लिहिला. सहा कलमं! मी आयुष्यात दुकानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मुख्य कलम दुसरं: तीस वर्षं जाळी शिवलेल्या बाईला साठाव्या वर्षी पूर्ण निवृत्ती. पण कायदा लागू होईल त्या दिवशी तिचं नाव कामाच्या नोंदीत असलं पाहिजे. एवारिस्तो म्हणतात ही अट घालावीच लागते, नाहीतर पहिल्याच पायरीवर अडवतील.

म्हणजे एर्मितासला तोवर टिकून राहायला हवं.

ती म्हणाली, "सातवं कलम घाला. धक्क्यावरून जाताना आम्हाला 'पोरींनो' म्हणणाऱ्याला तीन महिने कैद."

"कायद्यात राग बसत नाही," एवारिस्तो म्हणाले.

"मग काय बसतं?"

"तारीख, वय, वर्षं."

"कोर्टसाहेब, म्हणून तुमचं असं झालंय," एर्मितास म्हणाली. बिचाऱ्यांचे कान लाल झाले.

२४ मार्च

माद्रिदहून पत्र! प्रस्ताव दाखल करून घेतला! सहीचे कागद शिक्के मारून मिळतील आणि तिथून नऊ महिने. नऊ महिन्यांत पाच लाख.

देशभरच्या सगळ्या बंदरांतल्या जाळीवाल्यांना फोन लावला. बास्क बंदरातली एक बाई म्हणाली, "इतके दिवस कुठे होतात?" दक्षिणेतली एक नुसती रडली.

९ एप्रिल

आज प्रांताच्या निवडणूक मंडळापुढे शपथ घेतली. आता मी सह्यांची अधिकृत साक्षीदार. समोर केलेली सही खरी आहे असं मी लिहून दिलं की ती कायद्याने खरी! मी, दोरिंदा लोउरिदो, जिला बँकेतसुद्धा दोनदा ओळखपत्र दाखवावं लागतं! खोटं निघालं तर तुरुंग.

एवारिस्तोही आले होते. त्यांना तिथे काम नव्हतं. म्हणाले, बसने एकट्या कशाला जाता. परतीच्या बसला दोन तास होते, म्हणून आम्ही ऑक्टोपस खाल्ला. त्यांनी माझ्या ताटातले तुकडे कापून दिले, थंडीने माझी बोटं आखडली होती. एप्रिलच्या मानाने गारठा फारच होता.

२९ जून

आज सान पेद्रोची जत्रा. दिवसभर टेबल लावून बसलो. एर्मितास शिट्टी मारून माणसं बोलावते. पाद्रीबाबांची सही घेतली, मग त्यांच्याशी अबोला धरलेल्या शिक्षकाची त्यांच्याच खाली. एका बोटमालकाने सही करायला नकार दिला. एर्मितास म्हणाली, "तुझ्या बापाचं जाळं मी शिवलं, तुझं शिवलं. तुझ्या पोराचं तूच शीव." त्याने सही केली. बायकोचीही आणून दिली.

आमच्या प्रांतात मिळून चाळीस हजार. पण देशभराचे आकडे अजून आलेले नाहीत.

१७ सप्टेंबर

दोन लाख अकरा हजार. वेळ संपत चालला. मला झोप नाही. कोणाला सांगितलेलं नाही, पण मला वाटतं आपलं हसं होणार. आपण कोण? जाळ्याच्या भोकांतून जग बघणाऱ्या बायका.

२१ सप्टेंबर

काल एका दूरचित्रवाणीवाल्याने एर्मितासला विचारलं, "तुमचा संदेश काय?" तिने जाळ्याचं टोक त्याच्या हातात दिलं. "धर. ताणून धर. आता मी शिवते तोवर असाच धर." तो चार मिनिटांत "बाई, खांदा गेला" म्हणाला, आणि ते सगळं त्यांनी दाखवलं!

आज सकाळपासून फोन ठेवता येत नाहीये. शेतकरी, परिचारिका, कुठल्या तरी डोंगरातले मेंढपाळ सुद्धा सह्यांचे कागद मागताहेत. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांना आमच्यासाठी सही करायचीय!

१९ डिसेंबर

पाच लाख बासष्ट हजार!!

सह्यांच्या पेट्या माझा दीर, माझ्या गेलेल्या नवऱ्याचा भाऊ आमारो, मासळीच्या ट्रकमधून राजधानीला घेऊन गेला, एर्मितास आणि मी सोबत. गणतीच्या कार्यालयात पेट्या उतरवताना तिथला माणूस नाक मुरडत म्हणाला, "यांना सार्डिनचा वास येतोय." एर्मितास म्हणाली, "म्हणजे खऱ्या आहेत."

७ मार्च

नवं वर्ष, नवी वही. ही पण एवारिस्तोंनीच आणली, निळ्या पुठ्ठ्याची. त्यांनी कुठून ओळखलं मला निळा आवडतो?

सह्या तपासून पक्क्या झाल्या. आज मी संसदेच्या समितीपुढे बोलले. एवारिस्तोंनी लिहून दिलेलं भाषण अर्धं वाचलं आणि एका चष्मेवाल्या सदस्याने विचारलं, "पण बाई, हे काम बसूनच करायचं असतं ना?"

मी कागद खाली ठेवला.

"हो साहेब, बसूनच. तुमचंही काम बसूनच. फक्त आमच्या खुर्चीखाली ओलं सिमेंट असतं आणि जानेवारीत वरून गारा पडतात. एर्मितास, उभी राहा. हात दाखव."

ती मागे पाहुण्यांत बसली होती. उठली, दोन्ही हात वर केले. तिची उजवी मूठ आता मिटत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पाहुण्यांना बोलायची परवानगी नाही."

"ती कुठे बोलतेय?" मी म्हटलं.

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. बाहेर आल्यावर एवारिस्तो म्हणाले, "मी लिहिलेल्यापेक्षा चांगलं झालं," आणि माझा कोट हातात धरून नुसते उभे राहिले. कोट द्यायचं विसरलेच.

२८ मार्च

मोठ्या सभागृहात चर्चा, आणि प्रस्ताव विचारात घ्यायला बहुमत! याचा अर्थ एवढाच की दार उघडलं, पण उघडलं तर! सज्जात बसताना शिपायाने बजावलं, "इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"बरं झालं," एर्मितास म्हणाली. "माझ्या हातांनी तशाही वाजत नाहीत."

३० मे

संपलं.

पंतप्रधानांनी निवडणूक जाहीर केली. दोन्ही सभागृहं विसर्जित. बातम्यांत सांगितलं, अर्धवट राहिलेले सगळे प्रस्ताव बाद. सगळे. मी रेडिओ बंद केला. एर्मितासला सांगायची हिंमत नाही. गेल्या हिवाळ्यात तिच्या वाटणीचं जाळं आम्ही पाच जणींनी शिवलं. आणखी किती हिवाळे शिवणार?

३१ मे

मेलं नाही! आपलं मेलं नाही!

सकाळी सातला एवारिस्तो दारात. पायात घरातल्या सपाता, शर्टाची गुंडी वर-खाली, हातात जुनं कायद्याचं पुस्तक. धापा टाकत होते. मला वाटलं कोणी गेलं.

"दोरिंदा!" 'बाई' म्हणायचंसुद्धा विसरले. "सरकारचे प्रस्ताव बाद होतात. पक्षांचे बाद होतात. लोकांच्या सह्यांनी आलेला होत नाही! इथे लिहिलंय! नवं सभागृह बसेल तेव्हा तो तिथे हजर असेल. एकही सही पुन्हा नको!"

"रात्रभर शोधत होतात?"

"मग काय करणार? तुम्ही काल रडलात असं आमारो म्हणाला."

आम्ही तसेच धावत धक्क्यावर गेलो. एर्मितासने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सभागृहातले ते साडेतीनशे जण घरी गेले आणि आपण अजून आहोत?"

"तसंच."

ती इतकी हसली की तिला धरावं लागलं. मग तिने त्यांच्या सपातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "दोरिंदा, तू जाळ्यातलं मुंगीएवढं भोक शोधतेस आणि बाकी तुला काही दिसत नाही." काय म्हणायचं होतं कोण जाणे. तिची नजरही आता अधू होत चाललीय बहुतेक.

१६ नोव्हेंबर

नवं सभागृह. नवे चेहरे, आणि आम्ही त्याच. पुन्हा दार उघडलं, आधीपेक्षा जास्त मतांनी! आता समितीत दुरुस्त्या चालल्यात. बास्क बंदरातल्या मासे उतरवणाऱ्या बायकांनाही कायद्यात घेतलं. एर्मितास आधी कुरकुरली, मग म्हणाली, "येऊ देत. त्यांचेही हातच आहेत, वल्ही नाहीत."

तीस वर्षांची अट पंचवीस झाली. एवारिस्तो म्हणाले, "पंचवीस केल्याने तुम्हीसुद्धा बसता. साठ पूर्ण झाले की." मी म्हटलं, माझं काय, माझे हात ठणठणीत आहेत. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. काल माझ्या हातून कपबशी निसटली हे त्यांनी बघितलं असेल का? साबणाने ओली होती.

२२ फेब्रुवारी

सभागृहात मंजूर! मतांचा फलक हिरवागार! आता सेनेट, त्यांना दोन महिने. आमारोने धक्क्यावर एम्पानाडा वाटला, त्याच्या बायकोने शिंपल्यांचं सारण भरलेला. सेनेटमध्ये काय होणार, म्हणाला, सेनेटमध्ये कधी काही होत नाही.

१८ एप्रिल

सेनेटमध्ये झालं.

एकच दुरुस्ती. शेवटच्या कलमात आम्ही लिहिलं होतं, कायदा प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लागू. त्यांनी केलं, एक वर्षाने लागू. एवारिस्तो म्हणतात काहीच लिहिलं नसतं तर वीस दिवसांनी लागू झाला असता. वीस दिवस चालले असते. एक वर्ष नाही चालणार.

एर्मितासला डॉक्टरांनी सांगितलंय, काम थांबव, नाहीतर दुसरा हातही जाईल. थांबली तर नाव नोंदीतून जाणार. लागू व्हायच्या दिवशी नोंदीत नाव नसलं तर तिच्याच हातांवरून झालेला कायदा सगळ्यांना लागू आणि तिला नाही!

मी शिव्या दिल्या. खूप. एवारिस्तोंसमोर. ते म्हणाले, "शेवटचा शब्द सेनेटचा नसतो. प्रस्ताव परत खाली येतो. तिथे साध्या बहुमताने ही दुरुस्ती काढून टाकता येते. एका मताने जास्त झालं तरी पुरे."

"आणि एका मताने कमी झालं तर?"

त्यांनी कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं.

मग एर्मितास म्हणाली, "मी एक वर्ष काढेन. तोंडाने शिवेन." तिने विनोद म्हणून सांगितलं. मला तो ऐकवला नाही.

२५ एप्रिल

सात दिवसांत आम्ही एकूण एक सदस्याला पत्र पाठवलं. साडेतीनशे पत्रं, हाताने. बास्क बायकांनी शंभर, दक्षिणेने शंभर, उरलेली आम्ही. माझी बोटं वळेनाशी झाली तेव्हा एवारिस्तो शेजारी बसून लिहीत गेले, मी सांगत गेले. सगळ्या पत्रांत एकच ओळ: "एक वर्ष तुमच्यासाठी कॅलेंडर, आमच्यासाठी हात."

चष्मेवाले सदस्य पुन्हा निवडून आलेत. ते दुसऱ्या बाजूचे. त्यांच्या पत्रात मी एक ओळ वाढवली: "तुम्ही विचारलं होतं, बसूनच ना? हो. अजून बसलोय."

२७ एप्रिल

हे गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय, हलू दे.

सज्जात आम्ही नऊ जणी, आमच्या सहा आणि बास्क बंदरातल्या तीन. एर्मितास मध्ये, तिच्या एका बाजूला मी, माझ्या दुसऱ्या बाजूला एवारिस्तो. खाली दुरुस्ती मांडली. भाषणं छोटी. कोणी म्हणालं तिजोरीला तयारीला वेळ हवा. एक तरुण सदस्य बाई म्हणाल्या, "या बायकांनी तयारीला सव्वादोन वर्षं दिली, त्यात एक सभागृह संपलं. तिजोरीला आणखी किती हवीत?"

मग मतदान. एवारिस्तो कानात म्हणाले, "लक्षात ठेवा, या वेळी हिरवा म्हणजे दुरुस्ती मान्य. आपल्याला लाल हवा." आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात सगळं उलटंपालटं झालं. फलकावर दिवे लागत गेले, हिरवा, लाल, हिरवा, हिरवा. मी त्यांचा हात धरला. कोणाचा तरी धरायचाच होता.

अध्यक्षांनी वाचलं: "बाजूने एकशे सदुसष्ट. विरोधात एकशे एकाहत्तर. तटस्थ सहा."

मला कळेना. "काय झालं? एवारिस्तो, काय झालं?"

"पडली! दुरुस्ती पडली! उद्यापासून... म्हणजे छापला की दुसऱ्या दिवसापासून!" आणि छत्तीस वर्षं कोर्टात आवाज न चढवलेला माणूस सज्जात उभा राहून टाळ्या वाजवायला लागला! शिपाई धावत आला. "साहेब! साहेब, बसा!" आम्ही सगळ्या उठलो. एर्मितास पायांनी वाजवत होती, दाण दाण दाण. आम्हाला बाहेर काढलं. काढा! कायदा आत राहिला!

जिन्यात कळलं, त्या सहा तटस्थांत चष्मेवाले होते. आपल्या पक्षाच्या विरोधात जाता येईना, आमच्याही विरोधात जाववेना. जाताना त्यांनी एर्मितासला मान लववली. ती म्हणाली, "पुढच्या वेळी बटण नीट दाबा." मग वळून, "आभार."

हात मी गाडीत बसेपर्यंत सोडलाच नव्हता, हे आत्ता लक्षात आलं. गडबडीत राहून गेलं.

१० मे

राजाची सही व्हायला पंधरा दिवसांपर्यंत वेळ असतो. आज तेरावा. एर्मितास रोज विचारते, "त्याच्या पेनातली शाई संपली का?" आज ती शेडमध्ये आली, सुई हातात धरली आणि धरूनच राहिली. नाव नोंदीत आहे.

१२ मे

छापला!

सकाळी साडेसातला एवारिस्तोंच्या स्वयंपाकघरात आम्ही सहा जणी आणि आमारो, संगणकाच्या पडद्यात डोकी घालून. राजपत्र उघडलं. आधी कुठल्याशा बंदराची सूचना, मग कुठल्याशा नेमणुका, आणि मग तो. वर राजाचं नाव, "जे हे पाहतील आणि समजून घेतील त्या सर्वांना" असं काहीतरी, आणि खाली आमची सहा कलमं. आमची! दुसऱ्यात तीसच्या जागी पंचवीस, बाकी जवळजवळ तशीच, त्या तीन रविवारांची. शेवटी: "प्रसिद्धीच्या दुसऱ्या दिवसापासून."

एर्मितास म्हणाली, "मोठ्याने वाच." मी वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा अर्धं मी, अर्धं एवारिस्तोंनी.

१३ मे

लागू झाला.

नऊला आम्ही समाजसुरक्षेच्या कार्यालयात. खिडकीतल्या मुलीने यंत्रात पाहिलं. "या नावाची सोय दिसत नाहीये."

एर्मितास शांतपणे म्हणाली, "कालपर्यंत नव्हती, बाळ."

मी राजपत्राचं पान खिडकीतून आत सरकवलं. तिने वाचलं, उठली, आत गेली, साहेबाला घेऊन आली. साहेबानेही वाचलं. मग तिने पुन्हा बसून टंकायला सुरुवात केली. नाव. वय. वर्षं. सदतीस वर्षं जाळी. अर्जावर सही करायला एर्मितासने पेन डाव्या हातात घेतलं, अक्षर वाकडं आलं. मुलगी म्हणाली, "चालेल." मग हळूच, "माझी आजीही जाळी शिवायची."

बाहेर आल्यावर मी एवारिस्तोंना म्हटलं, "झालं आता. उद्यापासून तुम्हाला धक्क्यावर यायची गरज नाही."

ते म्हणाले, "दोरिंदा, सव्वादोन वर्षं झाली. आता मला 'तू' म्हण."

"बरं," मी म्हटलं. "पण का?"

एर्मितासने आकाशाकडे पाहून छातीवर क्रुसाची खूण केली.

१४ मे

आज शेडमध्ये पाच जणी. एवारिस्तो आला होता, नेहमीसारखा, हातात गरम, तळलेल्या चुर्रोंची पुडी. आला होता असं लिहायला विचित्र वाटतं, पण त्याने सांगितलंय.

दहाच्या सुमाराला एर्मितास आली. चांगला कोट घातलेला, केस विंचरलेले. आपली जुनी खुर्ची ओढली, उन्हात ठेवली, बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर.

"इथे काय करतेस? घरी जा," मी म्हटलं.

"माझी मर्जी."

"सुई देऊ?"

"नको."

समोर बोटी येत होत्या. ती बघत बसली. दुपारचा भोंगा झाला तरी उठली नाही. तिने काहीच केलं नाही, दिवसभर, सगळ्यांच्या देखत.